मागणी नियोजकाचे काम व्यवस्थापकाने कसे समजून घ्यावे आणि त्याला साथ कशी द्यावी?

ताणाबाणा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतील टेरी टॉवेल आणि चादरी बनवणाऱ्या एका कंपनीत गेल्या दिवाळीनंतर नियोजन विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली. या विभागात दोन मागणी नियोजक आहेत, म्हणजे कोणता माल किती खपेल याचा अंदाज बांधणारी माणसे. दोघेही हुशार आहेत, मनापासून काम करतात, आणि तरीही कंपनीत कोणालाही विचारले तर त्यांच्याविषयी एकच वाक्य ऐकू येते : "यांचे आकडे कधीच बरोबर येत नाहीत." विक्री विभाग म्हणतो की हवा तो माल नसतो, उत्पादन विभाग म्हणतो की नको तो माल गोदामात पडून आहे, हिशेब विभाग म्हणतो की पैसा सुतात अडकला आहे, आणि या तिन्ही तक्रारींचे उत्तर देण्यासाठी दर महिन्याच्या बैठकीत उभे केले जाते ते या दोघांनाच.

माझे मत असे झाले आहे की आपण तीन वेगळ्या आकड्यांची गल्लत करतो. किती माल खपेल हा अंदाज, किती खपवायचा हे उद्दिष्ट आणि किती बनवायचा ही योजना. वरून २० टक्के वाढीचे उद्दिष्ट ठरले की तोच आकडा अंदाजाच्या रकान्यात भरला जातो, त्या हिशेबाने सूत येते, आणि वर्षअखेरीस उरलेल्या सुताचा जाब मात्र ज्याचा तो आकडा नव्हताच त्या नियोजकाला विचारला जातो.

व्यवस्थापकाने हे काम नेमके कसे समजून घ्यावे, ते कशाने मोजावे, आणि नियोजकाच्या पाठीशी उभे राहायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? आपापल्या धंद्यातले अनुभव सांगितलेत तर मला त्याचा फार उपयोग होईल.

पूर्वभाग

ताई, प्रश्न चांगला आहे, पण मला मुळातच एक शंका आहे. आमच्याकडे तीन पिढ्यांपासून माग आहेत. आजोबांचे हातमाग होते, वडिलांनी यंत्रमाग घातले. चाटी गल्लीतले कापडव्यापारी काय म्हणतात, हैदराबाद आणि बेंगळुरूकडचे आडते कोणता रंग मागतात, हे ऐकून वडील सुताची खरेदी ठरवत, आणि त्यांचा ठोकताळा सहसा चुकत नसे. त्यांनी कधी नियोजक ठेवला नाही. मग संगणकासमोर बसलेला, बाजारात न फिरलेला माणूस त्यांच्यापेक्षा वेगळे काय सांगतो? हे मी खोचकपणे विचारत नाही, मला खरोखर समजून घ्यायचे आहे, कारण माझा धाकटा भाऊ आता असाच माणूस नेमायचे म्हणतो आहे.

आकडेमोड

पूर्वभागदादा, तुमच्या वडिलांनी हेच काम केले आणि उत्तम केले. मात्र त्यांच्या बाबतीत अंदाज बांधणारा, सूत घेणारा, माल विकणारा आणि तोटा झाला तर तो सोसणारा माणूस एकच होता, त्यामुळे एकाला ठाऊक असलेले दुसऱ्याला सांगण्याची वेळच येत नव्हती. कंपनी वाढली की ही कामे वेगवेगळ्या खोल्यांत जातात. व्यापारी काय म्हणाला ते विक्री प्रतिनिधीला ठाऊक असते, सुताचा भाव खरेदी विभागाला, किती माग बंद आहेत ते उत्पादनाला, आणि या सगळ्यांतून आकडा काढायचा असलेल्या नियोजकाच्या हाती बहुधा गेल्या तीन वर्षांच्या विक्रीची फाइल एवढेच असते. पसाराही पाहा. ४० नक्ष्या, ६ रंग आणि ३ मापे धरली तरी ७२० प्रकार होतात, आणि एवढे सगळे कोणाच्याही डोक्यात राहत नाही.

आता मूळ प्रश्न. मी सोलापूरचाच, सध्या पुण्यात हेच काम करतो. माझ्या मते व्यवस्थापकाने सर्वांत आधी मोजमाप तपासावे. बहुतेक ठिकाणी अंदाज आणि विक्री यांतल्या फरकाला प्रत्यक्ष विक्रीने भागून चुकीची टक्केवारी काढतात. अंदाज १०० नगांचा असताना ५० खपले, तर चूक १०० टक्के. अंदाज तोच असताना २०० खपले, तर चूक ५० टक्के. म्हणजे अंदाज कमी केला तर चूक कधीच १०० टक्क्यांच्या वर जात नाही आणि जास्त केला तर तिला वरची मर्यादाच नाही. ज्याची पगारवाढ या टक्क्यांवर ठरते तो माणूस हळूहळू आकडा खाली ठेवू लागतो, त्यात त्याची लबाडी नसते, ते मोजपट्टीच त्याला शिकवते. त्याचे फळ म्हणून दुकानात माल कमी पडतो आणि तो का पडतो हे कोणालाच उमगत नाही.

म्हणून चुकीचा आकार आणि चुकीची दिशा वेगवेगळी मोजावी. कधी वर, कधी खाली अशी चूक होत असेल तर ती बाजाराची चंचलता असू शकते. सलग पाच-सहा महिने चूक एकाच बाजूला होत असेल तर कुठेतरी काहीतरी मुरलेले आहे, आणि ते शोधण्यासाठी नियोजकाला व्यवस्थापकाच्या अधिकाराची गरज लागते. आणखी एक गोष्ट म्हणजे महिन्याला २० नग खपणारा प्रकार आणि २०,००० नग खपणारा प्रकार यांच्या टक्केवारीची सरळ सरासरी काढू नये. खपाच्या प्रमाणात वजन द्यावे.

पूर्वभाग

चार कामे एकाच माणसाकडे होती, हा मुद्दा पटला. पुढे वाचतो आहे.

चाटीगल्ली

मी दुकानदार आहे, त्यामुळे दुसऱ्या टोकाकडून बोलतो. आकडेमोड यांनी विक्रीच्या फाइलीचा उल्लेख केला. त्या फाइलीत काय नसते ते पाहा. लग्नसराईत गिऱ्हाईक येते आणि मयूरपंखी नक्षीची, मरून रंगाची, डबल बेडची चादर मागते. ती माझ्याकडे नसते. मी तिच्याऐवजी निळी दाखवतो. काही जण निळी घेतात, काही जण पुढच्या दुकानात जातात. माझ्या बिलबुकात त्या दिवशी मरून शून्य आणि निळी चार. कंपनीकडे तेच आकडे जातात आणि पुढच्या हंगामात मला मरून आणखी कमी येते, निळी आणखी जास्त. हे चक्र मी माझ्या डोळ्यांनी पाहतो.

नियोजक कितीही हुशार असला तरी न झालेली विक्री त्याला कागदावर दिसणार नाही. ती दुकानदाराने सांगावी लागते, प्रतिनिधीने लिहून घ्यावी लागते, आणि "मला ऑर्डरशी मतलब, बाकीचे ऐकायला वेळ नाही" असे म्हणणाऱ्या प्रतिनिधीला ते लिहायला लावणे हे व्यवस्थापकाचे काम आहे. एका कंपनीचा माणूस माझ्याकडे येतो तेव्हा ऑर्डरच्या वहीच्या मागच्या पानावर "मागितले, नव्हते" असा रकाना करून चार ओळी लिहून नेतो. त्या कंपनीचा माल माझ्याकडे सहसा तुटत नाही.

भीमाकाठ

वा, हा मागच्या पानाचा रकाना आजच आमच्याकडे सुरू करतो.

मोडनिंब

माझे किराणा आणि साबण-तेलाचे वितरण आहे. बार्शी, माढा, पंढरपूर, मोहोळ या भागांत माल जातो. मार्चविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर्षअखेरीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपन्या सवलतीच्या योजना लावून आमच्या गोदामात माल भरतात. कंपनीच्या दप्तरी तो विकला गेला, पण प्रत्यक्षात तो माझ्या गोदामात मेपर्यंत बसून असतो. एप्रिलमध्ये मी काहीच घेत नाही. आता कंपनीत बसलेल्या नियोजकाला आकड्यांत काय दिसते? मार्चमध्ये मागणीला उधाण आणि एप्रिलमध्ये ओहोटी. माढ्यातल्या माणसाने मार्चमध्ये दुप्पट अंघोळी केल्या नाहीत आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात साबण लावायचे सोडले नाही. त्याचा खप जवळजवळ सरळ रेषेत आहे. उधाण-ओहोटी आपण तयार केलेली आहे.

हे केवळ आपल्याकडचेच दुखणे नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला डायपरच्या बाबतीत हेच आढळले होते : बाळांचा वापर बऱ्यापैकी स्थिर, पण दुकानापासून वितरकापर्यंत आणि वितरकापासून कारखान्यापर्यंत जाताना मागणीच्या आकड्यांतील चढउतार वाढत जातात. हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हँग या अभ्यासकांनी १९९७ मध्ये या प्रकाराची कारणे मांडली, आणि त्यांत एकगठ्ठा ऑर्डरी, भावातील सवलती, माल तुटेल या भीतीने केलेली जास्तीची मागणी ही सगळी आपली ओळखीची मंडळी आहेत.

म्हणून माझे सांगणे एवढेच की योजना कधी लागणार, किती दिवस चालणार, हे नियोजकाला आधी कळू द्या. मी अशा कंपन्या पाहिल्या आहेत जिथे योजनेचे पत्रक वितरकाच्या हाती पडते आणि त्याच कंपनीच्या नियोजकाला ते महिना संपल्यावर विक्रीचा आकडा पाहून कळते.

सडेतोड

सर्वांचे वाचले. आता दुसरी बाजूही मांडतो, कारण धागा एकतर्फी होत चालला आहे. मी एका कारखान्याचा नफा-तोटा सांभाळतो. बाजार चंचल, माहिती मिळत नाही, योजना सांगितली नाही, मार्चचा आकडा फसवा, हे सगळे खरे असेल, पण शेवटी मला सूत घ्यावेच लागते, बँकेचे व्याज भरावेच लागते आणि कामगारांचा पगार करावाच लागतो. नियोजक ज्या पदावर आहे त्या पदाची काही जबाबदारी आहे की नाही? प्रत्येक चुकीला बाहेरचे कारण असेल तर त्या माणसाने काम चांगले केले की वाईट, हे मी कसे ओळखू? समजून घेणे म्हणजे काहीही विचारायचे नाही असा अर्थ होत असेल तर मला ते मान्य नाही.

आकडेमोड

सडेतोड सर, आपला आक्षेप रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर आहे. शंभर टक्के अचूकतेशी तुलना केली तर प्रत्येक नियोजक नापास होईल. तुलना करायची ती बिनकष्टाच्या अंदाजाशी. गेल्या वर्षी याच महिन्यात जे खपले तेच यंदा खपेल, असे धरून एक रकाना करा. हे कोणीही करू शकतो, त्याला पगार लागत नाही. शेजारी संगणकाच्या पद्धतीने आलेला अंदाज ठेवा, त्याच्या शेजारी नियोजकाने सुधारलेला, त्याच्या शेजारी विक्रीप्रमुखांनी बदललेला आणि शेवटी मालकांनी मंजूर केलेला. महिना संपल्यावर प्रत्येक रकान्याची प्रत्यक्ष विक्रीशी तुलना करा. ज्या टप्प्यावर चूक कमी झाली त्या माणसाने भर घातली, ज्या टप्प्यावर वाढली त्याने नुकसान केले. नियोजकाची जबाबदारी याने पक्की ठरते, आणि इतरांचीही.

हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. फिल्डेस, गुडविन, लॉरेन्स आणि निकोलोपुलोस या संशोधकांनी २००९ मध्ये चार कंपन्यांतील ६०,००० हून अधिक अंदाज तपासून पाहिले. संगणकाच्या आकड्यात माणसाने केलेले लहानसहान बदल बहुधा उपयोगाचे ठरले नाहीत, आणि आकडा खाली आणणाऱ्या बदलांपेक्षा वर नेणारे बदल जास्त वेळा चुकले, कारण त्यांत आशावाद होता. आपल्या बैठकांत आकडा वर नेण्याचा आग्रह कोण धरतो ते प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी आठवून पाहावे. तो आग्रह धरणारे नाव रकान्यात लिहिले गेले तर नियोजकाला ज्याचा जाब द्यावा लागतो तो आकडा निदान त्याचा स्वतःचा असेल.

सडेतोड

रकान्यांची ही पद्धत मला पटली. त्यात माझे नावही येईल, ते मला मान्य आहे. मात्र नवीन प्रकाराच्या मालाचे काय, ज्याला गेले वर्षच नाही?

आकडेमोड

तिथे जवळच्या जुन्या प्रकाराचा आधार घ्यावा आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांची विक्री पाहून लवकर दुरुस्ती करावी. नव्या मालाच्या अंदाजाला जुन्या मालाच्या मोजपट्टीने मोजू नये, दोन्ही गट वेगळे ठेवावेत.

तिथीवार

"गेल्या वर्षी याच महिन्यात" या आधाराविषयी सावधगिरीची सूचना देतो, कारण आपल्याकडे सण इंग्रजी महिन्यांप्रमाणे चालत नाहीत. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होते, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. ज्या कंपनीने ऑक्टोबर २०२३ ची तुलना ऑक्टोबर २०२२ शी केली असेल तिला विक्री घसरल्यासारखी वाटली असेल, आणि नोव्हेंबरमध्ये ती एकदम उसळल्यासारखी. त्या वर्षी अधिक श्रावण होता, एवढेच त्याचे कारण.

आषाढी एकादशीही तशीच सरकते : २०२३ मध्ये २९ जून, २०२४ मध्ये १७ जुलै, २०२५ मध्ये ६ जुलै. पंढरपूरच्या वारीवर ज्यांचा धंदा अवलंबून आहे त्यांच्या जून आणि जुलैच्या आकड्यांना एकेकटा काही अर्थ नाही, ते एकत्रच पाहावे लागतात. उलट आपल्या सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संक्रांतीशी बांधलेली असल्यामुळे दरवर्षी जानेवारीच्या मध्यालाच येते आणि तिथे इंग्रजी महिन्यांची तुलना चालून जाते. २०२६ साली अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा आहे, म्हणजे ऐन लग्नसराईतला महिना मुहूर्ताविना. त्याच वेळी धोंड्याच्या महिन्यात जावयाला आहेर करण्याची पद्धत असल्याने काही मालाला वेगळीच मागणी येते. बाहेरून घेतलेल्या संगणक प्रणालीत हे कोणीतरी हाताने भरावे लागते. व्यवस्थापकाने वर्षाच्या सुरुवातीला नियोजकासोबत बसून पंचांग आणि विक्रीची फाइल शेजारी शेजारी ठेवून एक दुपार घालवावी, असे मला मनापासून वाटते.

ताणाबाणा (धागाकर्ती)

तिथीवारकाका, हे फार मोलाचे सांगितलेत. आमच्या प्रणालीत सणांचा तक्ता आहे, पण त्यात अधिक महिना नाही, हे मी आजच तपासले.

शाळेचा शर्ट

आमचा शालेय गणवेशांचा धंदा आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, पण कापड हिवाळ्यातच घ्यावे लागते आणि शिलाई जानेवारीपासून सुरू होते. म्हणजे अंदाज सहा-सात महिने आधीचा. बरे, शाळेने सांगितले की ८०० मुले आहेत, तरी प्रश्न सुटत नाही. शर्ट २४ नंबरपासून ३८ नंबरपर्यंत असतात आणि मुले त्या आकड्यांत कशी वाटली जातील हे शाळेलाही ठाऊक नसते. आमची नियोजक गेल्या वर्षीच्या प्रत्येक इयत्तेचा नंबरवार खप काढते, ती इयत्ता एक पायरी वर सरकवते आणि मग प्रवेशाच्या नव्या आकड्याचा अंदाज त्यात मिळवते. एकूण ८०० चा आकडा बरोबर आला तरी ३० नंबरचे शर्ट कमी पडले आणि ३६ चे उरले असे होऊ शकते, आणि पालक ३० नंबरसाठीच दुकानात उभे असतात. एकूण अंदाज आणि तपशिलाचा अंदाज यांची अवघडपणाची पातळी वेगळी आहे, हे व्यवस्थापकाला कळले तर निम्मी भांडणे कमी होतील.

दुसरा मुद्दा शासनाच्या निर्णयांचा. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षासाठी राज्यातील शासकीय शाळांच्या गणवेशाचे कापड राज्य स्तरावरून आणि शिलाई महिला बचत गटांकडून, असे ठरले, आणि त्यानंतरच्या वर्षासाठी खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली. अशी वळणे गेल्या तीन वर्षांच्या विक्रीवरून आधी कळत नाहीत. २०२० आणि २०२१ मध्ये शाळा बंद होत्या, त्या काळाचे आकडे तर बाजूलाच ठेवावे लागतात. कोणते वर्ष धरायचे आणि कोणते वगळायचे, हा निर्णय नियोजकावर एकट्यावर सोडू नये. तो व्यवस्थापकाने सोबत घ्यावा आणि लिहून ठेवावा, म्हणजे पुढे कोणी "हे वर्ष का धरले नाही?" असे विचारले तर उत्तर दोघांचे असेल.

समुद्रापार

टॉवेलच्या निर्यातीतही हेच. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. आमच्या खरेदीदाराने दिलेला वर्षाचा अंदाज त्या आठवड्यात निरुपयोगी झाला. आमच्या साहेबांनी तेव्हा एक गोष्ट चांगली केली, ती नोंदवतो. त्यांनी नियोजकाकडे एक आकडा मागितलाच नाही. ऑर्डरी आहेत तशा राहिल्या तर काय, निम्म्यावर आल्या तर काय आणि पूर्ण थांबल्या तर काय, असे तीन हिशेब मागितले, आणि प्रत्येक हिशेबात सुताचा कोणता करार कोणत्या तारखेपर्यंत थांबवता येईल एवढेच विचारले. नियोजकाला त्या दिवशी भविष्य सांगायचे नव्हते, तयारी सांगायची होती, आणि ती त्याने रात्रीतून करून दिली.

रंगशाळा

मी डाइंग मास्टर आहे. मागणी नियोजकांविषयी माझी तक्रारच जास्त होती, पण ती कशामुळे होती ते या धाग्यामुळे नीट मांडता येईल.

रंगाईत आम्ही शक्यतो फिक्या शेडकडून गडद शेडकडे जातो. पांढऱ्यानंतर क्रीम, मग गुलाबी, मग निळा, शेवटी मरून आणि काळा. गडद शेड काढल्यावर पुन्हा फिकी घ्यायची तर मशीन धुवावे लागते, त्यात पाणी, वाफ आणि वेळ जातो, आणि सोलापुरात पाणी जपूनच वापरावे लागते हे कोणाला सांगायला नको. अशात बुधवारी निरोप येतो की काळ्याच्या आधी क्रीमचा एक लॉट घुसवा, मागणी बदलली. खालच्या माणसांना वाटते की नियोजकाने मनमानी केली. प्रत्यक्षात विक्रीकडून आलेला फोन त्याने फक्त पुढे ढकललेला असतो.

आमच्याकडे आता पुढच्या दोन आठवड्यांची योजना गोठवली जाते. त्यात बदल करायचा असेल तर विक्रीप्रमुख आणि उत्पादनप्रमुख या दोघांची सही लागते. नियोजकाकडे "नाही" म्हणायचे बळ नव्हते, ते या सहीने आले. शिवाय महिन्यातून एकदा तो रंगाईत येऊन उभा राहतो. कोणती शेड पुन्हा करावी लागते, कोणत्या रंगाला जास्त वेळ लागतो, हे त्याने पाहिले आहे, त्यामुळे त्याच्या योजनेत आता आमच्या मशीनचा विचार असतो.

आणि एक सुचवतो. प्रत्येक रंगाचा अंदाज चुकेल, पण सगळ्या रंगांची मिळून बेरीज बरीच बरोबर येते, कारण एका रंगाची वाढ दुसऱ्याच्या घटीत जिरते. ज्या टॉवेलची रंगाई विणल्यानंतर होते, त्यांचे कोरे कापड बेरजेच्या अंदाजावर विणून ठेवावे आणि रंग शेवटी ठरवावा. इटलीच्या बेनेटन कंपनीने स्वेटर आधी विणून नंतर रंगवण्याची पद्धत याच कारणासाठी आणली. आपल्या चादरीचे सूत आधीच रंगलेले असते, तिथे हे जमणार नाही, पण टॉवेलमध्ये जमते. अंदाज सुधारण्यासाठी नियोजकावर जितका जोर लावला जातो, त्यातला थोडा तरी कारखान्याला चुकीच्या अंदाजातही निभावता येईल अशी सोय करण्यावर लावला तर त्या माणसाच्या डोक्यावरचे ओझे खरेच उतरेल.

पूर्वभाग

मास्तर, वडील कोरे कापड भरून ठेवत आणि रंगाचे शेवटपर्यंत बोलत नसत, त्याचे कारण मला आज समजले.

अबोली

मी स्वतः मागणी नियोजक आहे. इतके दिवस फक्त वाचत होते, पण आमच्याच कामाविषयी इतक्या आस्थेने कोणी बोलत असेल तर लिहायला हवे.

आम्हाला काय हवे असते ते थोडक्यात सांगते. आमच्या अंदाजाचा पुढे काय उपयोग झाला हे आम्हाला कोणी कळवत नाही. मी ५,००० नग सांगितले, खरेदी विभागाने "या नेहमी जास्तच सांगतात" म्हणून ४,००० चे सूत घेतले, विक्रीने "माल कमी पडणारच" म्हणून व्यापाऱ्यांकडून ६,००० च्या ऑर्डरी घेतल्या. तिघांनी आपापल्या मनाने माझा आकडा दुरुस्त केला आणि महिनाअखेरीस चूक माझ्या नावावर लागली. सगळ्यांनी एकच आकडा वापरावा आणि तो पटत नसेल तर बैठकीत तसे सांगावे, ही शिस्त फक्त व्यवस्थापक लावू शकतो. आमच्या पदाला तेवढा अधिकार नसतो.

दुसरे म्हणजे वेळ. महिन्याचे पहिले आठ-दहा दिवस आमचे निरनिराळ्या विभागांच्या फाइली जुळवण्यात जातात. एकाच चादरीला विक्री विभागात एक नाव, गोदामात दुसरा कोड आणि बिलात तिसरा. विचार करायला वेळ उरतो तो बैठकीच्या आदल्या रात्री. कोड एकसारखे करण्याचे किचकट काम माझ्या एका वरिष्ठांनी हट्टाने सहा महिने लावून पूर्ण करून घेतले, आणि माझ्या नोकरीत मला मिळालेली ती सर्वांत मोठी मदत होती. प्रशंसेचे शब्दही बरे वाटतात, पण त्या कोडच्या तक्त्याने मला दर महिन्याला आठवडा परत दिला.

तिसरे, बैठकीत आमच्या आकड्यावर हल्ला झाला की व्यवस्थापकाने पहिला प्रश्न "हे गृहीत धरताना आपल्याला काय ठाऊक होते?" असा विचारावा. तेव्हा जे ठाऊक असणे शक्यच नव्हते त्यासाठी जाब देणे फार जिव्हारी लागते. चांगली माणसे पगारासाठी जितकी नोकरी सोडतात तितकीच यासाठी सोडतात.

मोडनिंब

अबोलीताई, एकच आकडा सगळ्यांनी वापरावा हे तुम्ही लिहिलेत ते प्रत्येक कंपनीच्या भिंतीवर लावण्यासारखे आहे. सविस्तर लिहिल्याबद्दल आभार.

ताणाबाणा (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही नियोजकांना हा धागा वाचायला दिला आहे. अबोलीताईंचे वाचून त्यांतील एकीने आमच्याकडच्या एका टॉवेलचे चार वेगवेगळे कोड मला काढून दाखवले, आणि ते काम मी माझ्याकडे घेतले आहे.

पुढच्या बैठकीपासून रकान्यांची पद्धत सुरू करते आहे. सडेतोड यांच्याप्रमाणे आमचे विक्रीप्रमुखही तयार झाले आहेत. दोन आठवड्यांची योजना गोठवण्याविषयी उत्पादनाशी बोलणी चालू आहेत. एक अडचण मात्र राहते. आमच्या मालकांना एकच ठाम आकडा हवा असतो. "८,००० ते ११,००० च्या दरम्यान" असे म्हटले की त्यांना वाटते नियोजकाला काही ठाऊकच नाही. हे त्यांच्यापुढे कसे मांडावे?

आकडेमोड

पल्ला निर्णयासोबत मांडा, नुसता मांडू नका. "९,५०० खपतील असा आमचा अंदाज आहे. ८,००० नक्की खपतील असे धरून तेवढे सूत आज घ्यावे. त्यावरच्या ३,००० साठी गिरणीशी बोलून ठेवावे आणि २० तारखेच्या ऑर्डरी पाहून ठरवावे. सगळे आजच घेतले आणि खपले नाही तर इतके रुपये अडकतील, घेतले नाही आणि मागणी आली तर इतका नफा जाईल." असे सांगितले की मालकांच्या हाती ठरवण्यासारखे काहीतरी येते. दोन्ही बाजूंचे रुपये लिहिलेले असले पाहिजेत. ते रुपये हिशेब विभागाकडून आधी काढून घेण्याचे काम तुम्ही करा, कारण नियोजकाने मागितले तर ते लवकर मिळत नाहीत.

पूर्वभाग

हे असे वडीलही समजून घेतील, कारण ते सूत घेताना नेमके असेच बोलत असत : इतके आज, उरलेले बाजार बघून. भावाला मी नेमणूक करायला सांगितले आहे. नवीन माणूस आला की पहिला महिना त्याला वडिलांसोबत चाटी गल्लीत फिरवायचे आणि वडील जे बोलतील ते त्याने लिहून घ्यायचे, असे ठरवले आहे.

चाटीगल्ली

जरूर पाठवा. येताना "मागितले, नव्हते" ची वही घेऊन यायला सांगा, माझ्याकडे या हंगामाची बरीच नोंद आहे.